पहिली गाडी सेकंडहँड घेताय? घ्यायची की सोडायची हे असं ठरवा

पहिली गाडी बघायला जाताना आपण मनातल्या मनात ती जवळपास घेऊनच टाकलेली असते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. फोटो घरच्यांना पाठवून झालेले असतात, रंग आवडलेला असतो, मग समोर काही खटकलं तरी आपणच स्वतःला समजावतो की जुनी गाडी म्हणजे एवढं तेवढं चालायचंच. माझं कळकळीचं सांगणं आहे, जाताना ही गाडी का घेऊ नये याची कारणं शोधायला जा, अगदी हट्टाने शोधा, आणि नाहीच सापडली तर मग घ्या.

त्याआधी पैशाचं. जेवढे जमवलेत तेवढे सगळे गाडीच्या किमतीत घालू नका. गाडी नावावर करणं, इन्शुरन्स, ऑइल, फिल्टर, बॅटरी, कदाचित टायर, हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अंगावर येतं. इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) असेल तर तो शेवटचा कधी बदलला ते बिलासकट विचारा, कारण बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी थंड असताना बघा. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यागेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. मी स्वतः माझी पहिली गाडी संध्याकाळी बघितली होती, मालक नुकताच चक्कर मारून आला होता, इंजिन एकदम गुळगुळीत वाटलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी स्टार्टर मारला तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट, म्हणजे रात्रभरात ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरलं होतं आणि तेच जळत होतं. गरम इंजिनावर हे दिसतच नाही. तेव्हापासून कोणाबरोबरही गाडी बघायला गेलो तरी सकाळचीच वेळ घेतो.

धूर नीट बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि पांढरा दाट धूर इंजिन गरम झालं तरी थांबत नसेल, वर गोडसर वास येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) जळतंय, तिथून सरळ निघा. गारठ्यात सुरुवातीला येणारी पातळ वाफ मात्र नॉर्मल आहे. इंजिन थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडून आत बघा, दुधाळ फेस आणि कूलंटवर तेलकट तवंग असं दोन्ही दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेल्याची शंका घ्यायची. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, हात भाजतो.

चावी ऑन केली की स्टार्ट करायच्या आधी डॅशबोर्डवर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. विझला नाही तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळतं, पण दिवा मुळात लागलाच नाही तर बरेच जण खूश होतात, खरं तर तेव्हा तो कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका, तो मागे नेता येतो. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर घासून सपाट झालंय, स्टिअरिंग तुळतुळीत झालंय, ड्रायव्हरची सीट एका कडेला दबलीय, तर पेडलवर विश्वास ठेवा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा कितीही खोल दिसल्या तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि पकड जाते. एकाच बाजूने घासलेला टायर दिसला तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनची भानगड आहे.

बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट जवळून बघा, त्यावरचा रंग पाना लावून उडालेला असेल तर बॉनेट कधीतरी काढलेलं आहे, मग का काढलं ते विचारा. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचे डाग किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. अशी गाडी पहिली म्हणून अजिबात घेऊ नका, वायरिंगचे त्रास महिन्यांनी सुरू होतात आणि संपत नाहीत.

चालवताना म्युझिक आणि एसी बंद. चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडला अॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम चढतोय पण गाडी पळत नाहीये तर क्लच संपत आलाय. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद पोचवणारा सांधा) गेलाय. ब्रेक मारताना पेडल थरथरलं तर डिस्क बघावी लागेल. क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी हे झिजणारेच पार्ट आहेत, त्यावर किंमत कमी करून घ्या आणि गाडी घ्या, हरकत नाही. पण वाकलेली चासी (गाडीचा सांगाडा), गंजून पोकळ झालेला खालचा पत्रा, ऑटोमॅटिक असेल तर झटके देणारा गिअरबॉक्स, यातलं काही असेल तर किती का स्वस्त मिळेना, सोडा.

गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर एकेक अक्षर जुळवा, मालक म्हणून समोर उभा आहे तोच कागदावर आहे का बघा, आणि कर्ज बाकी असेल तर ते फिटल्याचं लेखी मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

हे सगळं करूनही शेवटी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी लिफ्टवर चढवून दाखवा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. आदल्या दिवशी कोणी कोड पुसले असतील तर बऱ्याचदा गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या स्कॅनरवर अपूर्ण दिसतात, तेवढं त्याला मुद्दाम बघायला सांगा. त्याची फी गाडीच्या किमतीपुढे काहीच नसते. आणि मालक म्हणाला की बाहेर दाखवायला देत नाही, अजून दोन गिऱ्हाईकं येणार आहेत, आत्ताच टोकन द्या, तर त्याला शांतपणे सांगा की मग त्यांनाच द्या.