विमानात लहान मूल आणि केबिन क्रूचे नियम: वाद कसा टाळावा, झालाच तर कसा निभवावा

लोहगावला विमान धावपट्टीकडे निघालं होतं आणि माझी अडीच वर्षांची लेक धनुष्यासारखी ताठ झाली होती. पोट वर, पाय समोरच्या सीटवर, आणि बेल्ट कमरेच्या जागी गुडघ्यापाशी. एअर होस्टेस तिसऱ्यांदा आली. "मॅडम, बेल्ट लागल्याशिवाय आम्हाला निघता येणार नाही." मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. मी तिच्यावर जाम भडकले होते. रडणारं मूल दिसत नाही का हिला?

दिसत होतं. पण केबिन तयार असल्याचं तिने कळवल्याशिवाय वैमानिक उड्डाण करत नाही आणि बेल्ट नसलेलं एक मूल असलं तरी केबिन तयार होत नाही. तेवढ्यापुरती तिच्या हातात सूट द्यायची सोयच नव्हती. विमानात दोन प्रकारचे नियम असतात, न वाकणारे आणि वाकणारे. आपण बहुतेकदा पहिल्यांवर भांडतो आणि दुसरे मागायचे विसरतो.

१. अर्धं भांडण तिकीट काढतानाच मिटवा

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर नेता येतं, एका मोठ्या माणसामागे एकच. जाताना बाळ पावणेदोन वर्षांचं आणि परतीच्या आधी दुसरा वाढदिवस, तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते. काउंटरवरची निम्मी हुज्जत यावरूनच असते. जन्मदाखला किंवा बाल आधार हाताशी ठेवा.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना सांगितलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्यायची. यातला 'त्याच पीएनआरवर' हा शब्द महत्त्वाचा. नातवाचं तिकीट मुलाने काढलं, आजीचं जावयाने दुसऱ्या ॲपवरून, तर आजीला या नियमाचा उपयोग नाही. जागा वेगळ्या पडल्याच तर चेक-इन काउंटरवर बोला. आत शिरल्यावर, मागे रांग खोळंबलेली असताना, पैसे भरून खिडकी घेतलेल्या माणसाला क्रूकरवी उठवायला जाऊ नका.

मांडीवरची दोन बाळं एकाच बाजूच्या तीन सीटवर बसू देत नाहीत. जावा-जावांना किंवा जुळ्यांच्या आईबापांना हे हमखास खटकतं. कारण डोक्यावरच्या कप्प्यात आहे: तीन सीटना ऑक्सिजनचे साधारण चार मास्क असतात. पाचव्या नाकासाठी मास्क नाही. इमर्जन्सी दरवाजाची रांगही मुलांना मिळत नाही, पाय पसरायला कितीही ऐसपैस असली तरी.

२. बेल्टची सवय घरीच लावा

हे कुणी सांगत नाही, पण आपली मुलं स्कूटरवर पुढे उभी राहून आणि रिक्षात आईच्या मांडीवर बसून मोठी होतात. कमरेला कुणी जखडून ठेवतं हा अनुभवच त्यांना पहिल्यांदा विमानात येतो, तोही अनोळखी माणसांत, कानात दडे बसत असताना. प्रवासाआधी आठवडाभर खुर्चीत बसवून ओढणीचा बेल्ट लावा. 'टक्' आवाज तिला करू द्या. आमच्याकडे आधी अस्वलाला बेल्ट लागायचा, मग तिला. विमानाचा बेल्ट गाडीसारखा दाबून सुटत नाही, वरची धातूची पट्टी उचलावी लागते, तेही दाखवून ठेवा.

मांडीवरच्या बाळाला आपल्याकडे क्रू छोटा जादा बेल्ट देतात. तो तुमच्या बेल्टात ओवून बाळाच्या पोटाभोवती लावायचा. एकाच बेल्टात दोघांना घ्यायचं नाही, कारण धक्का बसला तर तुमचं सगळं वजन बाळावर येतं. अमेरिकी कंपन्यांच्या विमानात मात्र उड्डाण आणि लँडिंगच्या वेळी हाच जादा बेल्ट चालत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कहून बाळाला पहिल्यांदा घरी आणणाऱ्यांना पुढच्या दिल्ली-पुणे विमानात उलट सूचना मिळते. कुणी चुकीचं सांगत नसतं, दोन देशांचे नियम वेगळे आहेत.

३. "आत्ताच झोपलंय" इथे चालत नाही

सगळ्यात कडू वाद इथे होतो. तासभर थोपटून बाळ पाळण्यात झोपलेलं, आणि बेल्टचा दिवा लागतो. बहुतेक कंपन्यांत बाळ उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. आजी म्हणते, "अहो ताई, दोनच मिनिटं." तिचं चूक नाही. पण २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला चाललेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू ३२१ विमानात जे झालं, ते दोन मिनिटांतलं नव्हतं. प्राथमिक तपासानुसार विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आलं, बेल्ट नसलेली माणसं छतावर आदळली, एक प्रवासी दगावला. उड्डाणाच्या वेळी अंगाला बांधलेल्या झोळीतलं बाळ बाहेर काढायला लावतात तेही याच हिशेबाने.

क्रूच्या बाजूने हे ओझं काय असतं, ते १९८९ च्या एका अपघातात दिसतं. १९ जुलैला अमेरिकेत सू सिटीला उतरताना युनायटेडचं डीसी-१० विमान कोसळलं. मांडीवरच्या बाळांना पायांशी जमिनीवर ठेवा, ही तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्य एअर होस्टेसने सूचना दिली होती. त्यातला एक मुलगा वाचला नाही. त्याची आई त्या एअर होस्टेसला समोर भेटली. पुढे कित्येक वर्षं ती एअर होस्टेस बाळांना वेगळी सीट सक्तीची करा म्हणून झगडत राहिली. अमेरिकेत आजही दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं.

४. जिथे नियम वाकतो, तिथे सोय मागा

"बेल्ट नको" याऐवजी "बेल्ट लावून पाजू का?" असं विचारा. सहसा हो म्हणतात, आणि गिळल्याने कानही मोकळे होतात. सीटवर बसल्या बसल्या, क्रूची धावपळ सुरू व्हायच्या आत, दुधासाठी कोमट पाणी कधी मिळेल ते विचारून ठेवा. उकळतं मागू नका. बेल्टचा दिवा विझलेला आणि ट्रॉली बाहेर नसेल तर मुलाला मधल्या वाटेत फिरवता येतं. डायपर सीटवर किंवा जेवणाच्या ट्रेवर बदलू नका, टॉयलेटमध्ये घडीची फळी असते. आणि जेवण वाढणाऱ्या हातात वापरलेला डायपर देऊ नका. हे लिहावं लागतंय, कारण लोक देतात.

५. आवाज चढला तर

कुटुंबातून एकानेच बोलायचं. नवरा, सासरे आणि मावशी एकदम बोलू लागले की क्रूच्या नजरेत तो जमाव होतो. आधी सांगितलेलं करा, मग शांतपणे केबिन इन्चार्जला बोलवायला सांगा. कॅप्टनला प्रवाशाला उतरवायचा अधिकार आहे आणि तिथे तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी निकाल त्याचाच. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांत बेशिस्तीच्या तीन पायऱ्या आहेत. नुसत्या शाब्दिक बेशिस्तीलाही तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. मूल रडतं म्हणून ती होत नाही, आपण ओरडतो म्हणून होऊ शकते.

जुलै २०१८ मध्ये लंडन-बर्लिन विमानातून एका भारतीय कुटुंबाला उतरवलं होतं. तीन वर्षांचा मुलगा बेल्टमुळे रडत होता. वडिलांनी वर्णद्वेषी वागणुकीचा आरोप केला, प्रकरण तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभूंपर्यंत गेलं आणि त्यांनी अहवाल मागवला. बेल्टचा नियम आणि बोलण्याची पद्धत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर तक्रार टिकत नाही. दुसरीवर टिकू शकते.

६. तक्रार खाली उतरून, लेखी

कंपनीचे लोक चुकतातच. मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा डीजीसीएने कंपनीला ५ लाख रुपये दंड केला. नंतर नियम बदलला: अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही, तब्येतीची शंका असेल तर डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं.

आधी कंपनीकडे लिहा, दाद नाही लागली तर एअरसेवा पोर्टल, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा आणि ऐकलेले शब्द टॅक्सीत बसल्या बसल्याच टिपून घ्या. "तुमच्या स्टाफने आमचा घोर अपमान केला" या मेलला छापील दिलगिरी येते. "सीट १४ एफ, उड्डाणाआधी बेल्ट लावून झाल्यावर, 'आवरता येत नाही तर आणता कशाला' असं आम्हाला सांगण्यात आलं" याला उत्तर देण्यासाठी कुणालातरी त्या क्रूला विचारावं लागतं.