पीक फ्लो मीटर बदलताना: बाळदम्यात दोन यंत्रांचे आकडे कसे ताडून पाहावेत

घरचा पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे यंत्र, २४० दाखवतो, नवा आणलेला २७०, आणि दवाखान्यातल्या स्पायरोमीटरच्या (फुंकरीतली हवा मोजणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) कागदावर ४.३ छापून येतात. मूल तेच, दिवस तोच. तिन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. घोटाळा होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्यात बसवल्यामुळे.

आधी एकक बघा. घरचा मीटर लिटर प्रति मिनिट मोजतो, बरेचसे स्पायरोमीटर लिटर प्रति सेकंद. ४.३ ला ६० ने गुणले की २५८ येतात, म्हणजे तो आकडा घरच्या दोन्ही मीटरांच्या मधलाच निघाला.

मग मोजपट्टी. जुन्या मीटरांवर ‘राइट’ नावाची पट्टी असायची. ती मधल्या टप्प्यात प्रवाह बराच वाढवून दाखवते. ब्रिटनने सप्टेंबर २००४ पासून युरोपीय पट्टी स्वीकारली. अशा मीटरवर ‘ईयू’ ही अक्षरे किंवा ‘ईएन १३८२६’ हा क्रमांक असतो. नातेवाइकांनी परदेशातून आणलेला किंवा मोठ्या भावंडाचा जुना मीटर वापरात असेल तर हे आधी तपासा. दोन पट्ट्यांतला फरक सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे ‘तीस वजा करू’ असला हिशेब इथे चालत नाही. मोठ्यांचा मीटर साधारण ६० ते ८०० पर्यंत असतो, लहान मुलांचा ३० ते ४००. मुलाची फुंकर १५० च्या खाली राहत असेल तर लहान पट्टीचाच घ्या. मोठ्यावर काटा तळाशीच घुटमळतो आणि दहा-वीसचा फरक नीट वाचता येत नाही.

हे सगळे कशासाठी, तर दमा कितपत आटोक्यात आहे हे सांगणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांसाठी. मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के आणि वर हिरवा, ५० ते ७९ पिवळा, ५० च्या खाली लाल. जुन्या मीटरवर सर्वोत्तम २४० असेल तर हिरवा १९२ पासून आणि लाल १२० च्या खाली. आता घरात नवा मीटर आला, त्यावर त्याच मुलाचा सर्वोत्तम २७०, पण फ्रिजवर तक्ता जुनाच चिकटवलेला. एका सकाळी २०० आले. तक्ता म्हणतो हिरवा. प्रत्यक्षात २७० चे ते ७४ टक्के आहेत, म्हणजे मूल पिवळ्यात आहे आणि घरात कुणाला पत्ता नाही.

दोन मीटर ताडून पाहायचे असतील तर मूल ठणठणीत असलेला दिवस निवडा. सालब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप घेऊन चार तास तरी झालेले असावेत. (धाप लागली असेल तर पंप रोखून धरू नका, चाचणी पुढे ढकला.) मुलाला उभे करा, काटा तळाशी आणा, मीटर आडवा धरायला सांगा. छाती पूर्ण भरून श्वास, ओठ नळीभोवती घट्ट, आणि लगेच एकच जोरकस, झटक्याची फुंकर. इथे फुंकर लांबवायची गरज नाही. अशा तीन फुंकरा, दरवेळी काटा पुन्हा तळाशी. तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नाही. वरच्या दोन आकड्यांत २० पेक्षा जास्त अंतर असेल तर आणखी एक-दोन फुंकरा घ्या. लहान मूल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच खरा जोर लावते. दोन मिनिटे विश्रांती, मग दुसरा मीटर. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, कारण शेवटी येणाऱ्या मीटरला कधी सरावाचा फायदा मिळतो, कधी थकव्याचा तोटा.

आकडा फसवा येण्याची कारणे ठरलेली आहेत. जीभ किंवा दात नळीच्या तोंडाशी आले, ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटली, बोट काट्याच्या खाचेवर राहिले की आकडा पडतो. थुंकल्यासारखा ‘थू’ केला किंवा फुंकरीतच खोकला आला की तो खोटा वाढतो, आणि ही चलाखी मुले फार लवकर शिकतात. अचानक ४० ने सुधारणा दिसली तर आधी गाल बघा: फुगवलेल्या गालांतून आलेला झटका फुप्फुसाचा नसतो. फिरत्या पात्याच्या डिजिटल यंत्रात पात्यावर केस किंवा लाळ चिकटली तर ते अडते. असे यंत्र चालू करताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. वाऱ्याने पाते फिरते आणि शून्य चुकते.

दोन मीटरांत फरक निघाला तर रूपांतराचे सूत्र शोधत बसू नका. नवा मीटर ठेवायचा ठरला की मूल बरे असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यावरच मोजा, त्यातला सर्वोत्तम आकडा घ्या, तक्ता नव्याने लिहा आणि जुना फाडून टाका. उंची वाढते तसा हा आकडाही वाढतो, म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा ठरवा. मीटर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

एक मीटर घरी आणि वेगळ्या बनावटीचा आजोळी, हेही टाळा. दम्यात सकाळ-संध्याकाळचा चढउतार फार महत्त्वाचा: दिवसातला मोठा आणि लहान आकडा यांतला फरक भागिले त्यांची सरासरी. एक-दोन आठवड्यांचा हा हिशेब मुलांत सरासरी १३ टक्क्यांच्या वर गेला की दम्याकडे बोट जाते. सकाळी २४० आणि संध्याकाळी दुसऱ्या मीटरवर २७० लिहिले, तर मुलात काहीही बदल नसताना कागदावर जवळपास १२ टक्के उभे राहतात.

स्पायरोमेट्री ही वेगळी गोष्ट. पीक फ्लो मुख्यतः मोठ्या श्वासनळ्यांचे आणि मुलाच्या जोराचे माप आहे. स्पायरोमीटर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा, दोन्ही मोजतो. मुलांत त्यांचे गुणोत्तर साधारण ०.९० च्या वर असते. इथे मात्र फुंकर हवा संपेपर्यंत लांबवायची. पडद्यावरच्या मेणबत्त्या विझवण्याच्या खेळाने झटका चांगला येतो, पण मूल तिथेच थांबते, म्हणून ‘अजून, अजून, अजून’ असे म्हणत राहणारा तंत्रज्ञ हवा. सहा वर्षांवरील मुलांत चांगल्या तीन फुंकरा आणि वरच्या दोनांत १५० मिलिलिटरच्या आतला फरक, एवढे तरी अहवालात पाहा. तीन लिटरच्या पिचकारीने यंत्र त्या दिवशी तपासले होते का, तेही विचारा.

दोन केंद्रांचे अहवाल शेजारी ठेवताना टक्के नव्हे, लिटर वाचा. उंची बूट घालून मोजली किंवा संदर्भ समीकरण (ज्यावरून मुलाचा अपेक्षित आकडा काढतात ते) बदलले, तरी टक्के हलतात. पंपाआधीची आणि नंतरची चाचणी एकाच यंत्रावर व्हायला हवी: स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) सालब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, १५ मिनिटे थांबून पुन्हा फुंकर. पहिल्या सेकंदाच्या हवेत १२ टक्क्यांहून जास्त वाढ ही दम्याच्या बाजूची खूण. वाढ दिसली नाही म्हणून दमा नाही असे मात्र ठरत नाही. दम्याच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात बऱ्याच मुलांचा अहवाल स्वच्छ येतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना असे फुंकणे सहसा जमत नाही. तिथे ऑसिलोमेट्री उपयोगी: नाकाला चिमटा, गाल हातांनी धरलेले, आणि नेहमीचा शांत श्वास. तिचे आकडे स्पायरोमीटरशी जुळवू नका, ती श्वासनळ्यांचा अडथळा मोजते. फेनो चाचणी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे श्वासनळ्यांची सूज मोजते. ती करायची असेल तर स्पायरोमेट्रीच्या आधी. मुलांत ३५ पीपीबीच्या (एक अब्ज भागांत ३५ भाग) वरचा आकडा जास्त धरतात.

मूल बोलताना अडखळत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर कोणताच मीटर शोधू नका. पंप स्पेसरने द्या आणि दवाखान्याकडे निघा.