दुधाळ तेल आणि बुजलेला ब्रीदर

जुनी फोर बाय फोर घेतली आणि महिन्याभरात मागच्या अ‍ॅक्सलमधून घरघर ऐकू यायला लागली. इंजिन ऑइल घेतल्या घेतल्या बदललं होतं, डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, तेलाकडे मात्र लक्षच गेलं नव्हतं.

काम सुरू करताना आधी वरचा फिलर बोल्ट सोडवा, मगच खालच्या ड्रेनला हात लावा. वरचा गंजून अडकला आणि जुनं तेल काढून बसलात, तर नवीन भरणार कुठून? माझा बोल्ट गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला तेव्हा हलला.

ड्रेन उघडला, तर तेल दुधाच्या कॉफीसारखं! म्हणजे आत पाणी. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर होता. तेवढी झीज नेहमीची. धातूचे तुकडे निघाले असते तर अ‍ॅक्सल खोलावाच लागला असता.

पाणी शिरलं कसं? अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, मातीने गच्च बुजला होता. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि वाट बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ केला, त्याची नळी वाढवून बॉनेटखाली उंचावर नेली. गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटपेक्षा हे काम आधी करा, मनापासून सांगतो.

उरलेलं पाणी निघावं म्हणून थोडं तेल भरून, जरा चालवून काढून टाकलं. मग गाडी सपाट जागेवर लावून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं जीएल-5 दर्जाचं गिअर तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरलं. घरघर थांबली. आता गाडी खोल पाण्यातून काढली की पुढचं-मागचं दोन्ही तेल तपासतो.