शिकाऊ शल्यचिकित्सकाचा हात कसा मोजावा

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील प्रशिक्षणार्थीविषयी ‘हात चांगला आहे’ एवढाच शेरा देण्याऐवजी, टोरोंटो विद्यापीठात विकसित होऊन १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ओसॅट्स’ ही शस्त्रक्रियेतील कौशल्य गुणांनी मोजण्याची पद्धत वापरावी. तिच्या सर्वसाधारण गुणपट्टीत ऊतींची काळजी, वेळ व हालचाल, अवजारांची हाताळणी, त्यांची ओळख, सहायकाचा उपयोग, शस्त्रक्रियेचा ओघ आणि त्या प्रक्रियेचे ज्ञान या ७ बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण असतात.

सरावासाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे आतडे आणावे व लगेच बर्फात ठेवावे; मासळी बंदरांमुळे किनाऱ्यावर बर्फाची वाण सहसा पडत नाही. आतडे कापून पुन्हा जोडायला सांगावे आणि चेहरा व आवाज टाळून केवळ हातांचे चित्रीकरण करावे, म्हणजे परीक्षकाला ओळखीचा मोह होणार नाही. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. तफावत मोठी असल्यास प्रशिक्षणार्थीला बोल लावण्यापूर्वी प्रत्येक गुणाचा अर्थ आपसांत ठरवून घ्यावा. शेवटी जोडात रंगीत पाणी भरून गळती पाहावी. घड्याळाला फार महत्त्व देऊ नये, कारण झटपट घातलेला पण गळणारा टाका वाया गेलेलाच असतो.