पाड्यावर फिल्डवर्कला जाताय? मग आधी हे ठरवून घ्या

पालघर, नंदुरबार, मेळघाटातल्या आदिवासी पाड्यांवर रिसर्चला जाणारे बरेचजण आधी 'तिथलं कोणी ओळखीचं आहे का' असं विचारत फिरतात. आता तिथली पोरंपोरी स्वतःच एमए, पीएचडी करतायत, तेव्हा वाटाड्या कशाला शोधताय, सहलेखक शोधा, आणि तोही विषय ठरवायच्या आधी. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर करून मग गेलात तर त्याच्या वाट्याला नुसतं भाषांतर उरतं.

लेखावर नाव कोणाकोणाचं, ते पहिल्या भेटीतच बोलून टाका. अमेरिकेत १९११ साली तिथल्या मूळनिवासी ओमाहा लोकांवर एक जाडजूड ग्रंथ आला, त्यावर मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅलिस फ्लेचरच्या जोडीने फ्रान्सिस ला फ्लेशचं नाव आहे, आणि हा माणूस स्वतः ओमाहा. आपल्याकडे अजूनही ऋणनिर्देशात एका ओळीवर भागवतात!

पण खरी गोम पुढेच आहे. दोघांचं इतकं सख्य की ती त्याला मुलगा मानायची, तरी या जोडीच्या खटपटीतूनच ओमाहांचा पवित्र खांब १८८८ मध्ये हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये गेला आणि लोकांच्या हाती परत यायला १९८९ उजाडलं. म्हणजे तुमचा सहलेखक मित्र हो म्हणाला म्हणून अख्खा पाडा हो म्हणाला असं होत नाही. पाड्याला वेगळं विचारा, जाणत्या लोकांना बसवून, मित्रावर ढकलू नका, कारण उद्या बोलणी त्यालाच खावी लागतात, तुम्ही तर पुण्याला निघून आलेले असता.

वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ती मित्राची सख्खी आत्या असली तरी तिला स्वतंत्र विचारायचं: कुठलं गाणं रेकॉर्ड करू, यूट्यूबवर टाकलं तर चालेल का, फाइल कोणाकडे राहील. मध्येच तिने हात केला की रेकॉर्डर बंद, का म्हणून विचारत बसायचं नाही.

पैशाचं उघड बोला, मैत्रीत कसले पैसे वगैरे नको, मित्राचा दिवस मोडतो. आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत जाऊच नका, कोणालाच वेळ नसतो.

ड्राफ्ट झाला की जर्नलला पाठवायच्या आधी मराठीत वाचून दाखवा. त्याला एखादा मुद्दा पटला नाही तर त्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी मेन मजकुरात घ्या, तळटीपेत कोंबू नका. तुमचे पीएचडीचे गाइड कुरकुरले तर त्यांनाही एकदा पाड्यावर घेऊन जा, एसटीचा धक्का खाल्ला की पुढचं बोलणं सोपं जातं.