सीएपीडीवर वजन वाढतंय? या चुका टाळा

पोटाच्या डायलिसिसवर (सीएपीडी किंवा नुसतं पीडी) आलेल्या माणसाचं वजन वाढलं, की घरचे दोनच निष्कर्ष काढतात: 'पाणी साठलंय' नाहीतर 'तब्येत भरतेय'. चरबीचं नाव कुणी काढत नाही.

आधी हिशोब. पोटात सोडायच्या पाण्याच्या २ लिटरच्या पिवळ्या, म्हणजे १.५ टक्क्यांच्या पिशवीत ३० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर असते, २.५ च्या हिरवीत ५० आणि ४.२५ च्या लालमध्ये ८५. पोटात हे पाणी चार-सहा तास राहिलं की त्यातली साधारण ६० ते ८० टक्के साखर रक्तात उतरते. तीन पिवळ्या आणि एक हिरवी लावणाऱ्याच्या अंगात, तोंडात घास न घालता, रोज ३०० ते ३७५ कॅलरी जातात. पोळ्या मोजणारे या मोजतच नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चरबीला पाणी समजून जड, म्हणजे जास्त साखरेची आणि शरीरातलं जास्त पाणी ओढणारी पिशवी लावणं. नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ६२ किलो ठरलं होतं. काही महिन्यांनी काटा ६५ दाखवू लागला. पायाला सूज नाही, बीपीही चढलेलं नाही. तरी डॉक्टरांना न विचारता दुपारी हिरवी आणि संध्याकाळी लाल सुरू झाली. काटा ६३ वर आला, घरचे खूश. मग पायात गोळे, उठताना चक्कर, वरचं बीपी शंभराच्या खाली, आणि उरलीसुरली लघवी निम्म्यावर. वाढलेले किलो चरबीचे होते. पिशव्यांनी ओढलं ते शरीराला हवं असलेलं पाणी, आणि वर आणखी साखर आत सोडली. लघवी जपणं ही पीडीतली निम्मी लढाई असते. ती अशी हातानं घालवायची नाही.

दोन दिवसांत चढलं ते पाणी, महिन्यांत सावकाश चढलं ती बहुतेक चरबी. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का पाहा, बीपी बसून आणि उभं राहून मोजा. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढल्यावर कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर विषय डॉक्टरांकडे न्यायचा. पोटातली चरबी ट्रायग्लिसराइड, साखर आणि हृदयाचा धोका वाढवते. ड्राय वेट दगडावरची रेघ नाही, प्रत्येक भेटीत ते नव्यानं तपासून घ्या. उलटंही घडतं: स्नायू झिजतात, त्या जागी पाणी आणि चरबी येते, आणि काटा जागचा हलत नाही. नुसत्या काट्यावर विसंबणाऱ्यांना हे कळायला फार उशीर होतो.

दुसरी चूक मिठाची. रविवारी तर्रीवाली मिसळ, वर शेव, पापड, संध्याकाळी चिवडा. साधारण ९ ग्रॅम मीठ शरीरात १ लिटर पाणी धरून ठेवतं. तहान लागते, पाणी प्यायलं जातं, ते काढायला हिरवी लावावी लागते, आणि हिरवीतून साखर येते. म्हणून पीडीवरची चरबी कमी करायची सुरुवात साखरेच्या डब्यापासून नाही, मिठाच्या बरणीपासून करा: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, लोणचं-पापड त्यातच धरून.

पिवळी रात्रभर पोटात ठेवून सकाळी भरलं त्यापेक्षा कमी पाणी निघत असेल, तर साखर शोषली गेली आणि पाणीही परत आत गेलं. अशा लांब वेळेसाठी आयकोडेक्स्ट्रिन, म्हणजे डेक्स्ट्रोजऐवजी वेगळा पदार्थ असलेली पिशवी, चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्याला चालणाऱ्या आहेत का, हेही विचारा. काही पट्ट्या साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन वाढवणं जिवावर बेततं.

एक दिवस पोटात पाणी असताना आणि दुसऱ्या दिवशी ते काढून वजन करू नका. तो २ किलोंचा फरक पिशवीचा असतो.

बारीक व्हायचं म्हणून डाळ, अंडी, पनीर तोडू नका. निघणाऱ्या पाण्यातून रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनं जातातच. कमी करायचा तो भात, साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा.

सकाळचं लिंबू-मध-पाणी नको. वजन घटवायच्या पावडरी तर अजिबात नकोत.

साखर टाळायला एखादी पिशवी चुकवणं हा शॉर्टकट नव्हे, डायलिसिस कमी करणं आहे.

सिट-अप्स आणि जड वजनं नकोत, हर्नियाची भीती असते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास चाला. पोट जड वाटत असेल तर पाणी काढून झाल्यावर, पुढची पिशवी भरण्याआधी.