पेढीचं काम समजून घ्यायचंय? आधी गोदामातली वही वाचा

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात गाळा, वाशीत ऑफिस आणि भिवंडीत गोदाम. अशा पेढीचे मालक एक दिवस म्हणतात, "नवीन सॉफ्टवेअर घ्यायचंय, आमचं काम जरा बघून द्या." हे बघणं मी बरीच वर्षं करतोय, आणि त्याबद्दल फार चुकीचे सल्ले दिले जातात.

सुरुवातीचं पटकन उरका. माणसांची आणि त्यांच्या कामांची यादी, टॅलीतला (म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला) वर्षभराचा डेटा, प्रत्येक बिल-चलनाची एक प्रत. मालकांना एक तास पुरे. काम कसं व्हायला हवं ते त्यांना पक्कं माहीत असतं, पण सकाळी गाडी भरताना काय होतं ते गोदामातल्या माणसालाच ठाऊक.

आता खरं काम. एक सौदा धरा आणि त्याच्या मागे मागे जा. जिऱ्याचे वीस नग, म्हणजे वीस पोती, विकले गेले, तर फोन आला तिथपासून पैसे जमा होईपर्यंत. प्रत्येक टेबलावर तीनच प्रश्न विचारा: हातात कुठला कागद आला, त्यावर तुम्ही काय लिहिलंत, पुढे कुणाला दिलात? "तुमची पद्धत काय?" असं चुकूनही विचारू नका. लोक पुस्तकी उत्तर देतात. "काल संध्याकाळची शेवटची गाडी दाखवा" म्हणा, मग कागद बाहेर येतात.

हा माग गोदामाच्या दाराशी हमखास अडतो. तिथे एक लांबडी वही असते, पेन सुतळीने बांधलेलं, रकाने हाताने आखलेले: तारीख, पार्टी, मार्का (पोत्यावरची खूण), नग, भरती (एका पोत्यात भरलेलं वजन), गाडी नंबर आणि शेवटी बरोबरची खूण. ऑफिसवाले म्हणतात, "ती काही नाही, त्यांची कच्ची वही आहे." यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा ठेवला. हळदीच्या एका पेढीत मी ती वही बंद करायला लावली, सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. तीन आठवड्यांत गोदामात टॅलीपेक्षा साठ पोती जास्त निघाली आणि संशय गोदाम सांभाळणाऱ्या काकांवर आला. माल होता बिल झालेला, पण पार्टीने अजून न उचललेला. कुणाचा किती पडून आहे हे फक्त त्या बरोबरच्या खुणेतून कळत होतं, आणि ती खूण मीच थांबवली होती. त्यांची माफी मागायला मी स्वतः गोदामात गेलो.

म्हणून वहीतल्या एकेका रकान्यावर बोट ठेवा आणि विचारा: याला कॉम्प्युटरमध्ये जागा आहे का? गोदाम नगात मोजतं, बिल किलोत होतं. प्रत्येक पोत्याची भरती सारखी नसते, त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं, आणि मिरची पडून राहिली की वाळून घटते. टॅलीत एकाच मालाला नग आणि किलो दोन्ही ठेवता येतात. डिलिव्हरी नोट वेगळी केली तर बिल झालेला पण न गेलेला मालही वेगळा दिसतो. बऱ्याच पेढ्यांना नवीन सॉफ्टवेअर लागतच नाही, या दोन सोयी नीट वापरल्या तरी भागतं. विकणाऱ्याला हे आवडत नाही, तरी मालकांना स्पष्ट सांगा.

व्हॉट्सॲपही वहीच समजा. भाव तिथे ठरतो, त्यामुळे सौद्याचे मेसेज बिलाशी ताडून बघा.

ई-वे बिलात (माल गाडीने पाठवताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) एकच गोष्ट तपासा: आयत्या वेळी टेम्पो बदलला तर नवा गाडी नंबर कोण भरतं? महाराष्ट्राबाहेर माल जात असेल तर ५० हजारांच्या वर, राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर ते लागतं. "कुणीतरी भरतं" असं उत्तर आलं तर तिथे एका माणसाचं नाव लिहून घ्या. खरेदीची बिलं टॅलीत कधी चढतात तेही बघा. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून बनणारं जीएसटीचं पत्रक) तयार होतं, त्याच्याशी ती त्याच आठवड्यात जुळवायला हवीत.

कागद कुठून कुठे जातो याचा नकाशा साध्या कागदावर काढा आणि ऑफिसात दाखवण्याआधी गोदामात वाचून दाखवा. तिथले काका जिथे "असं नाही हो" म्हणतील तिथे खोडून पुन्हा काढा. नवी पद्धत सुरू झाली तरी वही चालूच ठेवा. लागोपाठ तीन मोजण्यांत वही, टॅली आणि प्रत्यक्ष पोती जुळली की काकांनाच विचारा, आता वही थांबवायची का.